तानुआई अपार्टमेंटचे खरेदीखत

प्रति,
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था,
तथा सक्षम प्राधिकारी,
जळगाव.

अर्ज करणार : श्रीमती सुलक्षणा प्रेमराज फिरके, वय ७१ वर्षे, निवृत्त शिक्षिका (मूळ प्रकरणात प्रतिवादी क्र. १).

विषय : तानुआई सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, जळगाव यांच्या मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जास मी घेतलेली हरकत मागे घेणेबाबत, व माझ्याकडील मूळ कागद दाखल करून घेणेबाबत.

संदर्भ : १) संस्थेचा अर्ज दि. २० नोव्हेंबर २०२३.
२) माझे प्रतिज्ञापत्र दि. १२ फेब्रुवारी २०२४.
३) आपल्यासमोरील सुनावणी दि. २८ मे २०२४.

महोदय,

या प्रकरणाचा निकाल माझ्या विरुद्ध व्हावा, यासाठी मी हा अर्ज करीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे व तो कोणा वकिलास दाखवलेला नाही. एकतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. तरीही अर्जात न शोभणारे काही आले तर ते वाचून सोडून द्यावे, पण अर्ज बाजूला ठेवू नये.

१. माझे पती कै. प्रेमराज तुकाराम फिरके यांचा जळगावात बांधकामाचा व्यवसाय होता. सन १९९९ मध्ये त्यांनी गट क्र. ४१७/२ या जागेवर तळमजला व वर तीन मजले अशी सोळा सदनिकांची इमारत बांधली. माझ्या सासूबाई तानुबाई यांनी ऐन तारुण्यात डोक्यावर पाटी घेऊन दुसऱ्यांच्या बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. त्यांच्या नावावरून इमारतीस 'तानुआई अपार्टमेंट' हे नाव दिले. इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे. मंजूर नकाशात ती याच इमारतीची मोकळी जागा म्हणून दाखवली आहे. माझ्या प्रतिज्ञापत्रात ती वेगळी असल्याचे म्हटले आहे. ते खरे नाही. तो नकाशा मंजूर होऊन आला त्या दिवशी पतींनी तो जेवणाच्या टेबलावर पसरून मला दाखवला होता.

२. सदनिका विकल्या तरी खालची जमीन विकसकाच्याच नावावर राहते. संस्था नोंदली गेल्यापासून चार महिन्यांच्या आत विकसकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावी, असे सदनिका मालकीचा सन १९६३ चा कायदा सांगतो. त्याने करून दिली नाही तर आपल्यासारख्या अधिकाऱ्याने ती त्याच्या वतीने करून द्यावी, अशीही, मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद आता आहे. आपणांसच कायदा सांगणे हा उद्धटपणा झाला. मी तो लिहिते आहे तो एवढ्यासाठी, की चार महिन्यांची ही मुदत मला संस्था नोंदली गेली त्या दिवसापासून, म्हणजे सन २००२ पासून, माहीत होती हे नोंदले जावे. मला ती संस्थेचे सचिव श्री. लीलाधर सरोदे यांनी सांगितली होती.

३. सरोदे सर व मी एकाच शाळेत होतो. ते भूगोल शिकवीत. मूळचे पहूरचे. त्यांना जळगावात घर घ्यायचे होते व ते तीन ठिकाणी पाहून आले होते. मी त्यांना म्हटले, "सर, बाहेर कशाला फिरता? आमच्याच इमारतीत घ्या. उद्या काही लागलं तर मी आहे ना." त्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरील सदनिका क्र. ११ ठरवली. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई यांना वडिलांनी पहूरला शेताचा एक तुकडा दिला होता. तो विकून हे घर झाले, म्हणून करारावर पहिले नाव सुनंदाबाईंचे आहे व दुसरे सरांचे. सर गेले म्हणून शाळेतले आणखी दोघे गेले. पहिल्या मजल्यावर राहणारे श्री. झुलाल अहिरराव हे एस.टी.चे चालक, साक्री तालुक्यातले. "मास्तरनी घर लिनं म्हणजे कागद चोखच राहतीन," असे म्हणून त्यांनी घेतले. म्हणजे सर माझ्या शब्दावर गेले व बाकीचे सरांच्या.

४. सन २००३ च्या आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सरोदे सर वकिलाकडून अभिहस्तांतरणपत्र तयार करवून आमच्या घरी आले. आमच्याकडे सगळे त्याला खरेदीखतच म्हणतात. शुभ दिवस म्हणून त्यांनी तो निवडला होता. सोबत झुलालभाऊ होते. जेवणे नुकतीच झाली होती व पती आनंदात होते. त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी व दुसरी झुलालभाऊंची आहे. सर कागदाची घडी पतींच्या हातात परत देत म्हणाले, "भाऊ, हा तुमच्याजवळच राहू द्या. गुरुवारी रजिस्ट्रीला सगळे सोबतच जाऊ."

तो गुरुवार आला नाही. मधल्या दोन दिवसांत कोणीतरी पतींना सांगितले, की त्या भागात पुढे जास्त बांधकामास परवानगी मिळणार आहे; जमीन नावावर राहिली तर मागच्या मोकळ्या जागेत दुसरी इमारत उभी करता येईल. गुरुवारी सकाळी त्यांच्या पोटात दुखू लागले. पुढच्या गुरुवारी ते कामासाठी पिंपळनेरला गेले. सही केलेला दस्त चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो. ते चार महिने असेच गेले. नंतर त्यांनी संस्थेला कळवले, की कागद गहाळ झाला आहे, व नवीन कागदावर सही करण्यापूर्वी काही मुद्द्यांचा विचार व्हायला हवा.

मी त्यांना म्हटले, "अहो, कागद तर माझ्या कपाटात आहे." ते म्हणाले, "तुझ्या कपाटात आहे ना? मग माझ्याकडे नाही म्हटलं तर त्यात खोटं काय झालं?"

माझे पती दुष्ट नव्हते. कामावरच्या गवंड्याचा पाय मोडला तर त्याच्या घरी महिनोन्‌महिने धान्य पोचवणारा तो माणूस. पण एकदा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून तानुआईकडे बघत ते मला म्हणाले होते, "सही दिली की आईच्या नावाची इमारत लोकांची होऊन जाईल." ती लोकांचीच होती. ते मी त्या वेळी बोलले नाही.

५. त्यानंतर सरोदे सर दरवर्षी आखाजीला येत. नवा मसुदा, नवा मुद्रांक कागद, खिशाला पेन. पतींनी मला सांगून ठेवलेले असे. मी दार उघडून म्हणे, "ते पिंपळनेरला गेलेत, सर." सर बसत, पाणी घेत, चहा घेत, शाळेचे बोलत व जात. एका वर्षी पती आतल्या खोलीतच होते व त्यांच्या चपला दारात राहिल्या होत्या. सरांनी येताना त्या पाहिल्या. चहा नेहमीसारखाच घेतला. निघताना वाकून त्या चपला सरळ केल्या, एकीला एक लावून भिंतीशी ठेवल्या आणि म्हणाले, "भाऊंना सांगा, येऊन गेलो." त्या वर्षानंतर त्यांनी मला "केव्हा येतील?" असे कधी विचारले नाही. पण यायचे थांबले नाहीत. असे मी पंधरा वर्षे खोटे बोलले. त्या पंधराही वर्षांत चैत्र संपता संपता सुनंदाबाईंकडून आमच्या घरी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा येत असे.

६. डिसेंबर २०१८ मध्ये पती वारले. व्यवसाय आता माझा मुलगा नवीन (प्रतिवादी क्र. २) पाहतो. सन २०२२ मध्ये संस्थेने अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करवली. जिन्याचे तिन्ही मधले टप्पे आतून गंजले असून ताबडतोब नव्याने करावेत, असा लेखी अहवाल आला. संस्थेने बँकेकडे कर्जासाठी अर्ज केला. बँकेने विचारले, जमीन कोणाच्या नावावर आहे? ती कै. प्रेमराज तुकाराम फिरके यांच्या नावावर होती. सभासद बहुतेक पेन्शनवाले. त्यांनी आपसांत जमवून खालच्या दोन टप्प्यांना लोखंडी टेकू लावले. वरच्या टप्प्याचे पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले.

७. जानेवारी २०२३ मध्ये सरोदे सर माझ्याकडे आले. त्या दिवशी नवीन घरी नव्हता. सर म्हणाले, "बाई, भाऊ गेले. आता त्यांना दोष द्यायचा नाही. पण तो सही केलेला कागद मिळाला, तर साहेबांसमोर सगळं सोपं होईल, असं वकील म्हणतात. मागची जागाही त्यात लिहिलेली आहे. तुमच्या घरात कुठे असेल का? एकदा बघाल का?"

मी "बघते" म्हटले व आत गेले. कपाट उघडले. कागद साड्यांच्या खाली, वरून तिसऱ्या साडीखाली होता. मी कपाटासमोर चार-पाच मिनिटे उभी राहिले, म्हणजे शोधल्यासारखे वाटावे. मग बाहेर येऊन म्हणाले, "नाही सापडत, सर."

महोदय, हे मी का केले, याचे उत्तर मी रोज शोधते. नवीनने त्या मागच्या जागेसाठी दुसऱ्या एकाशी भागीदारी ठरवली होती. त्याचा पहिला धंदा बसला होता व या कामावर तो पुन्हा उभा राहणार होता. मी आई आहे. यापेक्षा चांगले उत्तर माझ्याजवळ नाही, आणि हे उत्तर सरांच्या समोर उभे राहत नाही.

८. कागद नाही म्हटल्यावर संस्थेला सगळे पहिल्यापासून गोळा करावे लागले. सोळा करारनामे, नकाशाच्या नकला, उतारे. सर सत्तरीत सायकलवरून हिंडले. त्यात दहा महिने गेले व नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे अर्ज दाखल झाला. आपली नोटीस आली तेव्हा नवीनने वकिलाकडून प्रतिज्ञापत्र लिहून आणले. त्यात लिहिले आहे, की असे कोणतेही खरेदीखत कधी झालेले नाही, तसेच मागची जागा वेगळी असून तिच्यावर संस्थेचा हक्क नाही. नवीन म्हणाला, "आई, तू सही केली नाहीस तर मी संपलो." मी ते न वाचता सही केली, असे म्हणायला जागा आहे व नवीनचे वकील तसेच म्हणतील. पण मी ते वाचले होते. दुसऱ्या पानावरची ऱ्हस्व-दीर्घाची एक चूकही मी पेनाने दुरुस्त केली होती. ती आपल्या फाइलमध्ये दिसेल.

प्रतिज्ञापत्र देऊन आपल्या कार्यालयातून बाहेर पडताना व्हरांड्यात झुलालभाऊ उभे होते. ज्या कागदावर त्यांची साक्षीदाराची सही आहे तो कागदच झाला नाही, असे नुकतेच त्यांच्या कानांवर पडले होते. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. एवढेच म्हणाले, "बाई, हाई घर आमनं शे का नही, इतलंच सांगा." मी जिना उतरून नवीनच्या गाडीत बसले.

९. दि. १८ एप्रिल २०२४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास सुनंदाबाई गच्चीवर वाळत घातलेले बिबडे पाटीत भरून खाली येत होत्या. वरचा टप्पा, ज्याला टेकू लावायचा राहिला होता, तो त्यांच्यासह खाली गेला. झुलालभाऊ आवाज ऐकून धावले. त्यांनीच त्यांना उचलून रिक्षात घातले. पुढे ते मला म्हणाले, "पाटी त्यास्नी सोडीच नही, बाई." सुनंदाबाई अकरा दिवस दवाखान्यात होत्या. त्या अकरा दिवसांत मी एकदाही गेले नाही. दि. २९ एप्रिल रोजी त्या वारल्या. त्यांचे वय चौसष्ट होते. पोलिसांत अपघाती मृत्यूची नोंद आहे.

नवीनच्या वकिलांचे म्हणणे असे, की आपला आदेश फेब्रुवारीत झाला असता तरी कर्ज मिळून एप्रिलपर्यंत जिना काही झाला नसता. म्हणून प्रतिज्ञापत्राचा व अपघाताचा संबंध जोडता येत नाही. हे बरोबर आहे. मी हिशेब फेब्रुवारीपासून धरीत नाही. मी तो जानेवारी २०२३ पासून धरते. त्या दिवशी मी कपाटातून कागद काढून दिला असता तर संस्थेजवळ पंधरा महिने होते. एका जिन्यास पंधरा महिने पुरतात. माझे पती बांधकाम करणारे होते. एवढे मला कळते.

१०. सुनंदाबाईंच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे तेराव्याच्या, आदल्या दिवशी, दि. १० मे रोजी, मी तो कागद पिशवीत घालून तानुआईत गेले. त्या दिवशी आखाजी होती. टप्पा पडल्यापासून धोक्यामुळे जिना बंद असल्याने सर खाली गाड्यांच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. वरच्या मजल्यांवरचे काही जण नातेवाइकांकडे गेले होते. काहींचे सामान तिथेच चादरींखाली रचलेले होते. सर उठू लागले. मी म्हटले, "बसा." त्यांनी आपली खुर्ची मला दिली व स्वतः पायरीवर बसले. म्हणाले, "चहाचं काही जमणार नाही, बाई. गॅस वरती आहे."

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. पहिले पान पाहिले. मग शेवटचे, जिथे सह्या आहेत.

"कुठे होता?"

"माझ्या कपाटात."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून, सर."

मला वाटले ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. ते अगदी सावकाश, वर्गात नकाशा समजावून सांगावा तसे म्हणाले, "सुनंदा म्हणायची, कागद बाईंकडेच असणार. मी तिला रागावलो होतो. म्हटलं, बाई खोटं बोलणार नाहीत. गेल्या वर्षी पुन्हा म्हणाली, तेव्हा दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. दोन दिवस."

मग त्यांनी कागदाची मूळच्या घडीवर घडी घातली व मला परत केला. म्हणाले, "हा तुम्हीच साहेबांना द्या. मी दिला तर चोरला म्हणतील."

मला तेथे रडायचा हक्क नव्हता. मी घरी येऊन रडले. झुलालभाऊ फाटकापर्यंत पोचवायला आले होते.

११. एवढे होऊनही मी हा कागद आपल्याकडे त्या आठवड्यात दिला नाही, पुढच्याही नाही. दि. २८ मे च्या सुनावणीस तो माझ्या पिशवीत होता. आपण मला काही विचाराल व मग मी तो काढीन, असे मी स्वतःला सांगत होते. आपण विचारले नाही; विचारण्याचे आपणांस कारणही नव्हते. त्या दिवशी आमच्या वकिलांनी आणखी एक हरकत घेतली. अर्जासोबतच्या सभासद यादीत सदनिका क्र. ११ समोर सुनंदा लीलाधर सरोदे हे नाव आहे व सदर व्यक्ती मयत आहे. मयत व्यक्तीच्या नावे अर्ज चालू शकत नाही. सबब यादी सदोष असून अर्ज फेटाळावा व संस्थेने तो पुन्हा नव्याने करावा, अशी ती हरकत होती. सरोदे सर समोरच्या बाकावर होते. वकील 'मयत' हा शब्द एकामागून एक चार वेळा बोलले. सरांनी आपल्या हातातली यादी उघडली, त्या नावावर बोट ठेवले आणि सुनावणी संपेपर्यंत ते बोट उचलले नाही.

मी माझी पिशवी उघडली नाही. आपण पुढील तारीख १३ जून दिली.

१२. दि. १ जून रोजी मी नवीनला सर्व सांगितले. तो आधी हसला. मग म्हणाला, "नोंदणी झाली नाही, आई. चार महिन्यांत रजिस्ट्री नाही तर त्या कागदाला किंमत नाही." मी म्हटले, "किंमत नसेल तर साहेबांना दिल्याने तुझं काय बिघडतं?" तो म्हणाला, "बाबांना खोटारडं ठरवशील?" मी म्हटले, "त्यांना नाही. मला." तो म्हणाला, "आणि माझं काय?" तो माझा एकुलता मुलगा आहे. त्याचे नुकसान होणार आहे व ते मी स्वतःच्या हाताने करीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी पहूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे यायला निघाले. त्याने मला जा म्हटले नाही व राहा म्हटले नाही. माझी पेटी त्याने रिक्षापर्यंत आणून दिली, सरळ ठेवली व घरात गेला. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. हा अर्ज त्याच्याविरुद्ध वाचला जाऊ नये. तो दहा वर्षांचा होता तेव्हापासून माझे खोटे बोलणे ऐकत वाढला आहे.

तरी माझे म्हणणे पुढीलप्रमाणे समजावे.

दि. १२ फेब्रुवारी २०२४ चे माझे प्रतिज्ञापत्र मी मागे घेते. त्यातील खरेदीखताबाबतचा व मागच्या जागेबाबतचा मजकूर खोटा असून तो खोटा असल्याचे मला सही करताना माहीत होते. त्याबद्दल कायद्याने जे होईल ते व्हावे. वयाचा, वैधव्याचा वा शिक्षकी पेशाचा विचार करू नये. वकीलपत्रही मी मागे घेत असून १३ जून रोजी स्वतः हजर राहीन. सोबत जोडलेले खरेदीखत नोंदणीअभावी मालकीचा पुरावा होत नसेल, तर निदान माझ्या पतींनी काय कबूल केले होते याचा पुरावा म्हणून पाहावे. वारस या नात्याने माझ्यापुरते माझे म्हणणे असे, की संपूर्ण गट क्र. ४१७/२, मागच्या मोकळ्या जागेसह, तानुआई संस्थेच्या नावे करून द्यावा, व शक्य तितक्या लवकर द्यावा. संस्थेचे सचिव आता खालीच, गाड्यांच्या जागेत राहतात. पहूरला त्यांचे भाऊ आहेत, ते न्यायला आले होते. पण निकाल लागेपर्यंत येथून हलणार नाही, असे सरांनी त्यांना सांगितले.

एक मागणी राहिली. ती मान्य करण्याचा आपणांस अधिकार आहे की नाही, मला माहीत नाही. आमच्या वकिलांनी सभासद यादीवर घेतलेली हरकत, ती माझ्याही नावे घेतली गेल्यामुळे, मी मागे घेते. सदनिका क्र. ११ समोरील नाव खोडू नये. त्याच्या जागी दुसरे लिहायला संस्थेस सांगू नये व त्या कारणाने यादी परत करू नये. ती यादी दि. २० नोव्हेंबर २०२३ ची आहे. त्या दिवशी सुनंदाबाई हयात होत्या. त्यांनी त्या यादीवर स्वतः सही केलेली आहे. आणि घर त्यांचे होते.

आपली नम्र,
स्वतःविरुद्ध लिहून देणारी,

(सही)
सुलक्षणा प्रेमराज फिरके
प्रतिवादी क्र. १

ठिकाण : पहूर, ता. जामनेर
दिनांक : ३ जून २०२४

यापुढील नोटिसा व पत्रे खालील पत्त्यावर पाठवावीत, जळगावच्या पत्त्यावर पाठवू नयेत :
द्वारा श्रीमती कमलबाई वारके, पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव.

सोबत :
१. मूळ अभिहस्तांतरणपत्र, सन २००३, पाने नऊ, कै. प्रेमराज फिरके यांच्या प्रत्येक पानावर सहीसह.
२. मंजूर नकाशाची प्रत, मागच्या मोकळ्या जागेसह.
३. माझ्या दि. १२ फेब्रुवारी २०२४ च्या प्रतिज्ञापत्राची प्रत, खोट्या मजकुराखाली रेघ ओढून.